वाटा कोणाचा आणि कोठवर?



'रेंज' हा शब्द आपल्या झाडीपट्टीत आता मराठीच झाला आहे. पण येथे तो जरा निराळ्या अर्थाने वापरतात. पुण्या-मुंबईचा माणूस "रेंज नाही" म्हणतो तेव्हा ती घटकाभराची अडचण असते. एटापल्ली किंवा कोरची तालुक्यातला माणूस मात्र रेंजचा पत्ता सांगतो. शाळेच्या मागे थोडी मिळते, तलावाच्या पाळीवर बरी मिळते, नाल्यापलीकडच्या मोहाखाली उभे राहिले तर धड बोलणे होते. मोबाइलची सेवा ही जागेला बांधलेली वस्तू आहे, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही.

आज त्याच गोष्टीचा एक नवा प्रकार आपणांपुढे मांडायचा आहे. आजवर रेंज आहे की नाही, आणि असली तर किती, एवढाच प्रश्न होता. पुढे असे होऊ शकेल की, एकाच टॉवरखाली उभ्या असलेल्या दोघांना दोन तऱ्हेची सेवा मिळेल, आणि त्यांतली एक अमुक हद्दीपर्यंतच चालेल. इंग्रजीत ह्याला 'लोकेशन-डिपेन्डन्ट नेटवर्क स्लाइसिंग' म्हणतात. मी भूगोलाचा अध्यापक आहे, दूरसंचाराचा नव्हे. परंतु ह्या विषयाचा निम्मा भाग हद्दींचा आहे, आणि हद्द आखणे हे किती जिकिरीचे काम असते ते भूगोल शिकवणाऱ्याला पुरते ठाऊक असते.

प्रथम 'स्लाइस' म्हणजे काय ते पाहू. कोशात पाहाल तर 'काप' असा अर्थ मिळेल. मला तो शब्द येथे पटत नाही. पावाचा काप पावापासून सुटतो. येथे काहीच सुटे होत नाही. टॉवर तोच, तारा त्याच, यंत्रे तीच. फक्त त्यांच्या क्षमतेचा हिशेब वेगवेगळा ठेवला जातो. आपल्याकडे ह्याला नेमका शब्द आहे: वाटा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया ह्या जिल्ह्यांतले जुने मालगुजारी तलाव आठवा. १९५० नंतर मालगुजारी गेली आणि त्यांना 'माजी मालगुजारी', म्हणजे 'मामा' तलाव असे नाव पडले. तलाव एकच असतो, पण खालच्या बांध्यांना पाणी पाळीपाळीने जाते. आणि एक गोष्ट विशेष ध्यानात घ्या: हे पाणी लाभक्षेत्रातल्या जमिनीला मिळते. त्याच शेतकऱ्याची दुसरी बांधी टेकडीपलीकडे असली, तर आपल्या वाट्याचे पाणी तो तिकडे नेऊ शकत नाही. वाटा आहे, पण तो जागेपुरता. आपला आजचा विषय नेमका एवढाच आहे.

आजवरच्या मोबाइल जाळ्यात सगळे साधारणपणे एकाच पाटावर पाणी भरत. तातडीच्या कॉलला पुढे काढण्यासारख्या काही सोयी होत्या, नाही असे नाही. पण जत्रेच्या दिवशी पाच हजार माणसे एका टॉवरखाली जमली आणि प्रत्येक जण चित्रफीत पाठवू लागला, की त्याच गर्दीत डॉक्टरचा निरोपही अडकतो. पाचव्या पिढीच्या जाळ्याचे नियम थ्रीजीपीपी ह्या आंतरराष्ट्रीय मंडळाने पंधराव्या आवृत्तीत, २०१८ साली, ठरविले, तेव्हा वाट्यांची पद्धत त्यात मुळापासून घातली. प्रत्येक वाट्याला एक ओळख असते. तिचा पहिला भाग प्रकार सांगतो: १ म्हणजे नेहमीचे जलद इंटरनेट, २ म्हणजे विलंब आणि चूक न चालणारी कामे, ३ म्हणजे मीटर, पंप असल्या असंख्य लहान यंत्रांचे निरोप. दुसरा भाग त्या प्रकारातला नेमका कोणता वाटा, ते सांगतो. एका फोनला एका वेळी जास्तीत जास्त आठ वाटे वापरता येतात.

हे सारे केवळ कागदावरचे आहे असे समजू नका. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये जिओ कंपनीने बिनतारी घरगुती इंटरनेट आणले. त्यासाठी आपण वेगळा वाटा वापरतो, असे त्या कंपनीने स्वतःच सांगितले आहे. घराच्या छपरावर बसविलेले ते यंत्र जागचे हलत नाही, म्हणून त्याचा वाटा सांभाळणे सोपे. अवघड काम हलणाऱ्या माणसाचे आहे.

फोन खिशात निवांत पडलेला असतो तेव्हा आपण नेमक्या कोणत्या टॉवरखाली आहोत, हे जाळ्याला ठाऊक नसते. ठाऊक असतो तो फक्त एक इलाखा. पुष्कळ टॉवरांचा मिळून असा एक इलाखा केलेला असतो, आणि आपणांस कोणी हाक मारली की जाळे त्या सबंध इलाख्यात दवंडी पिटते. वनखात्याच्या रचनेशी ह्याचे साम्य आहे: नियतक्षेत्र लहान, त्यांचे मिळून वर्तुळ, वर्तुळांचे परिक्षेत्र. परिक्षेत्र अधिकाऱ्याला प्रत्येक झाडामागे कोण उभे आहे हे माहीत नसते. पण कोणत्या नियतक्षेत्रात शोध घ्यायचा ते तो सांगू शकतो.

आता अडचण पाहा. पहिल्या नियमांत असे धरले होते की, एखादा वाटा इलाख्यात उपलब्ध असेल तर इलाख्यातल्या प्रत्येक टॉवरवर तो उपलब्ध असावा. शहरी सोयीच्या दृष्टीने हे ठीक. पण चंद्रपूरच्या उत्तरेला या. दुर्गापूर आणि पद्मापूर येथे कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. शेजारी २,९२० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे, कामगारांच्या वसाहती आहेत, आणि थोडे पुढे गेले की ताडोब्याचे जंगल सुरू होते. खाणीतल्या डंपरांसाठी, सुरुंगाच्या सूचनांसाठी वेगळा वाटा हवा असला तर तो खाणीच्या खड्ड्यापुरता हवा. एकदोन टॉवरांचे काम आहे. इलाखा मात्र अर्ध्या शहराला वेढणारा. मग काय करायचे? खाणीसाठी नवा इलाखा पाडला, तर वसाहतीतून खाणीत आणि खाणीतून वसाहतीत जाणारा प्रत्येक फोन दर फेरीला नवी नोंद करू लागतो. अशा नोंदींनी जाळे शिणते आणि फोनची बॅटरी उतरते.

ह्यावरचा उतारा अठराव्या आवृत्तीत आला. ती २०२४ च्या मध्यास पुरी झाली. आता वाट्याची हद्द इलाख्याच्या हद्दीशी जुळलीच पाहिजे असे नाही. जाळे फोनला एक यादी देते: हा वाटा तुला ह्या अमुक टॉवरांच्या ह्या अमुक दिशांना मिळेल, बाहेर असताना मागू नकोस. फोन यादी जवळ ठेवतो आणि विनाकारण दार ठोठावीत नाही. जुन्या फोनला यादी वाचता येत नाही. त्याच्या बाबतीत जाळ्यालाच पहारा करावा लागतो. वाटा नावापुरता इलाखाभर आहे, पण हद्दीबाहेरच्या टॉवरांवर त्याच्या नावे पाणी शून्य, अशी ती व्यवस्था. तसेच, इलाख्याइलाख्यांच्या समूहात काही ठिकाणी वाटा आहे, काही ठिकाणी नाही, अशी 'अंशतः परवानगी'ही आता देता येते. आणि एखादा वाटा बंद पडला वा तुंबला, तर त्याच्या जागी पर्यायी वाटा लावण्याची सोयही ह्याच आवृत्तीत आहे.

ही शेवटची सोय मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. कारण खरा प्रश्न हद्दीच्या आत काय होते हा नाही. हद्द ओलांडताना काय होते, हा आहे. समजा, १०८ ची रुग्णवाहिका गरोदर बाईला घेऊन अहेरीकडे निघाली आहे आणि गाडीतून तिच्या नाडीचे, रक्तदाबाचे आकडे रुग्णालयात पोचत आहेत. हे काम एका खास वाट्यावर चालू आहे. वाटेत कोठेतरी वाट्याची हद्द संपते. सामान्य समजूत अशी की, खास वाटा संपला की फोन आपोआप साध्या वाट्यावर उतरेल. तसे होईलच असे नाही. चालू असलेले संभाषण ज्या वाट्यावर उघडले त्या वाट्याशी बांधलेले असते. हद्द संपली की ते स्थगित होते किंवा तोडले जाते. आणि साध्या वाट्यावर नवे संभाषण उघडायचे, हे कोणीतरी आधी ठरवून ठेवलेले असावे लागते. ठरविलेले नसेल, तर मोहाखालच्या साध्या फोनला रेंज आहे आणि रुग्णवाहिकेचे महागडे यंत्र मात्र मुके, असा उलटा प्रकार घडू शकतो.

मग हद्द कशी आखावी? कार्यालयात बसलेला माणूस नकाशावर टॉवरभोवती वर्तुळे काढतो. आपल्या जंगलात त्या वर्तुळांना फारसा अर्थ नाही. लहरी झाडांच्या पानांत शोषल्या जातात. ओल्या पानांत अधिक. आणि वारंवारिता जितकी उंच तितका हा त्रास जास्त. ५जीसाठी आपल्याकडे ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही आहे आणि ३,३०० च्या वरचाही आहे. पहिला दूर जातो, दुसरा पुष्कळ माहिती वाहतो पण लवकर थकतो. साग उन्हाळ्यापूर्वी पाने टाकतो आणि पावसाळ्यात मोठाल्या पानांनी झाकून जातो. तेव्हा चैत्रात मोजलेली हद्द श्रावणात खरी राहत नाही. नेमकी गरज असते श्रावणात. मोजणी करणारी गाडी मात्र रस्ता कोरडा असताना फिरते, ह्यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण निदान मोजणीचा महिना नकाशावर लिहावा, एवढे तरी मागता येईल.

दुसरी गोष्ट सिरोंच्याची. प्राणहिता ओलांडली की तेलंगण. लहरींना राज्याची सीमा कळत नाही. नदीकाठच्या फोनला पलीकडचा टॉवर जवळचा वाटला तर तो तिकडे चिकटतो. दूरसंचाराच्या परवान्यांतही ही दोन वेगळी मंडळे आहेत. कंपनी एकच असली तरी महाराष्ट्राच्या मंडळात आखलेला वाटा पलीकडच्या टॉवरवर मांडून ठेवला नसेल, तर तो तेथे नाहीच. तेव्हा सिरोंच्यापुरती हद्द आखायची, तर यादीत परक्या मंडळाचे टॉवर घ्यावे लागतील. गाव आपले, माणूस आपला, टॉवर तेवढा त्यांचा.

आपण म्हणाल, अहो, गडचिरोलीत साधे धड नाही आणि तुम्ही पाचव्या पिढीच्या गोष्टी सांगता! आक्षेप रास्त आहे. नक्षलप्रभावित भागांत टॉवर उभारण्याची केंद्राची योजना २०१४ साली मंजूर झाली. दहा राज्यांत मिळून पहिल्या टप्प्यात २,३४३ ठिकाणी जे टॉवर झाले, ते दुसऱ्या पिढीचे होते, म्हणजे बोलण्यापुरते. ते ४जी करण्याचा निर्णय एप्रिल २०२२ मध्ये झाला. भारत संचार निगमचे देशी बनावटीचे ४जी जाळे २७ सप्टेंबर २०२५ रोजी औपचारिकपणे सुरू झाले. आज मी ज्या वाट्यांविषयी बोलतो आहे ते ४जीत होत नाहीत, आणि ५जीतही गाभ्याची यंत्रणा स्वतंत्र असेल तरच होतात. शिवाय दूरच्या टॉवराला जोडणारी तारच नसते; तेथे काम उपग्रहावर भागवावे लागते. उपग्रह ३६,००० किलोमीटर उंच. लहर वर जाऊन खाली येईतो पाव सेकंद जातो, प्रश्नोत्तर पुरे व्हायला अर्धा. टॉवरवर कितीही सुबक वाटे पाडा, मागची नळी अरुंद आणि लांब असेल तर विलंब न चालणारा वाटा तेथे होऊच शकत नाही. तलावातच पाणी नसेल तर पाळीपत्रक कोणाच्या कामाचे?

तरीही आज बोलणे भाग आहे, कारण वाटे आधी कोठे पडणार हे दिसू लागले आहे. जून २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने खासगी वापराच्या बंदिस्त जाळ्यांसाठी मार्गदर्शक नियम काढले. त्यात एक मार्ग असा आहे की, मोबाइल कंपनीने आपल्या सार्वजनिक जाळ्यातलाच एक वाटा एखाद्या उद्योगाला तोडून द्यावा. खाणी आणि कारखाने हे ह्या सेवेचे नैसर्गिक गिऱ्हाईक आहेत, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ते भरपूर आहेत: चंद्रपुरात कोळसा, वीज, सिमेंट, एटापल्लीत सुरजागडचे लोहखनिज. खाणीने खाणीच्या हद्दीत वाटा घ्यावा, ह्याला माझा मुळीच विरोध नाही. शंभर टनांचा डंपर मागे येत असताना सूचना उशिरा पोचू नये, हे कोणालाही पटेल. प्रश्न उठतो तो रस्त्यावर. खनिजाचे ट्रक आणि आपली एस.टी., दोघांचा रस्ता एकच आणि टॉवरही तेच. ट्रकांच्या देखरेखीसाठी वाट्याची हद्द खाणीबाहेर रस्त्याच्या कडेने लांबविली, तर त्या टॉवरांखालची गावे कोणत्या उरलेल्या पाण्यावर राहतील?

ह्याचे उत्तर तांत्रिक नियमांत आहे, आणि ते समजायला इंजिनियर असावे लागत नाही. प्रत्येक टॉवरवर प्रत्येक वाट्यासाठी तीन आकडे मांडता येतात. एक 'राखीव': हा भाग त्या वाट्याचाच, तो रिकामा पडला तरी दुसऱ्याला मिळणार नाही. दुसरा 'किमान': मागणी येताच एवढे हमखास मिळेल, पण मागणी नसेल तेव्हा इतरांनी वापरावे. तिसरा 'कमाल': ह्यापलीकडे जाऊ नये. समजा, एखाद्या टॉवरची क्षमता शंभर धरली आणि रुग्णवाहिकेसाठी वीस राखीव ठेवले. त्या रस्त्यावरून दिवसात दोनदा गाडी जाते. बाकी वेळ वीस भाग वाया. तेच वीस 'किमान' म्हणून मांडले, तर गाडी नसताना शाळेतल्या पोरांना ते मिळतात आणि गाडी येताच हक्काने परत जातात. माझे मत असे की, जंगलातल्या अरुंद टॉवरांवर, सार्वजनिक रस्त्यालगत, 'राखीव' हा आकडा शून्याजवळच असावा. खाणीच्या कुंपणाच्या आत तो हवा तेवढा असो.

मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा हद्द कोठून कोठवर हे कागदावर लिहून मिळाले. गावाला आणि बाहेरच्याला, दोघांनाही ते वाचता येते. मोबाइलच्या वाट्याची हद्द मात्र कंपनीच्या यंत्रात असते, आणि ग्राहकाला ती दिसत नाही. नियम अगदीच नाहीत असे नव्हे. जुलै २०१८ मध्ये सरकारने इंटरनेटच्या समान वागणुकीचे तत्त्व स्वीकारले. त्यात 'विशेष सेवां'ना सवलत आहे, पण त्यांच्यामुळे सर्वसाधारण इंटरनेटची उपलब्धता आणि दर्जा ढासळू नये, अशी अट आहे. अट उत्तम आहे. ती मोजायची कोणत्या एककावर? महाराष्ट्र मंडळाची सरासरी काढली तर पुणे आणि नागपूर भामरागडला सहज झाकून टाकतील. २०२४ च्या सेवादर्जाच्या नियमांत सेवा खंडित झाल्याचा हिशेब जिल्ह्याच्या पातळीवर धरला आहे. हे मंडळापेक्षा बरे. पण गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरांचा आहे. देसाईगंजात फोन चालतो म्हणून सिरोंचा बंद असल्याचे कोणाला कळावे? ह्याच नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात. त्याच नकाशावर कोणत्या टॉवरावर विशेष वाटा आहे आणि त्याचा राखीव आकडा किती, एवढे दोन रकाने वाढविले तर ग्रामसभेलाही ते वाचता येईल.

ताडोब्याच्या कडेच्या गावांचे थोडे निराळे आहे. सीतारामपेठसारख्या गावाजवळ वाघाची चाहूल घेणारे कॅमेरे बसविण्याचा प्रयोग झाला आहे. त्यांना वाटा लागेल तो लहानसा, पण चुकून चालणार नाही असा. येथे गाभा आणि बफर ही हद्द आधीच आखलेली आहे; पण वाघ ज्या शेताच्या धुऱ्यावरून येतो ते धुरे कोणत्या टॉवरच्या कोणत्या दिशेला येतात, हे वनरक्षकालाच नीट सांगता येईल.

राहिले भामरागड. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटल्याच्या बातम्या आपण पावसाळ्यात पुष्कळदा वाचल्या असतील. तेथे ५जी जाईल तेव्हा तातडीच्या वाट्याची हद्द बारमाही एकच ठेवून भागणार नाही. रस्ता चालू असताना ती आलापल्लीकडच्या रस्त्याला धरून लांबट असावी. रस्ता तुटला की रुग्ण पलीकडे जाऊच शकत नाही, तेव्हा तीच हद्द आखडून गावातले रुग्णालय, हेमलकसा आणि आसपासची वस्ती ह्यांच्यावर गोळा व्हावी, आणि त्या टॉवरांवरचे किमान आकडे वाढावेत. यंत्राला हे जमते. वाटा केव्हा उपलब्ध आहे, ह्याची वेळही फोनला कळविण्याची सोय अठराव्या आवृत्तीत आहे. पण पूर आल्यावर टॉवरांची नावे शोधीत बसायला वेळ नसतो. कोरड्या दिवसांची एक आणि पुराच्या दिवसांची एक, अशा दोन याद्या तहसील कचेरी, आरोग्य खाते आणि कंपनी ह्यांनी एकत्र बसून मे महिन्यातच करून ठेवायला हव्यात. जूनच्या मध्याला आपल्याकडे पाऊस सुरू होतो.